वाकून न वाचलेला आकडा

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी डूख धरणारी आहे. काचेच्या वस्तूंना राग नसतो असे तुम्हांला कोणी सांगितले असेल, तर त्याने कधी ब्युरेट जवळून पाहिलेली नाही. तुमच्या शाळेच्या कपाटात वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली लांब बारीक नळी आहे ना, ती मी. माझ्या अंगावर शून्यापासून पन्नासपर्यंत खुणा कोरलेल्या आहेत आणि तळाशी एक तोटी आहे. तोटीचे टोक तुटले आहे. काल तुमच्यातल्या एकाने मला हातात घेतले आणि म्हणाला, "हिचा आता काय उपयोग?" तेवढे ऐकले आणि मला राहवले नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका काचकारखान्यात झाला. जन्मताना मी नुसती नळी होते. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्यात पाणी भरले, थोडे थोडे सोडून ते तराजूत तोलले आणि प्रत्येक वजनाला माझ्या अंगावर एक रेघ कोरली. त्याचे डोळे अधू होते, पण हात पक्का होता. माझी एकही खूण खोटी नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे माझ्याच माथी खापर फोडायचा प्रयत्न झाला.

सन १९५५ साली पेंढ्याच्या खोक्यात बसून मी आगबोटीने मालवणला आले. धक्क्याला बोट लागत नसे. खोके होडीत उतरवले, तेव्हा होडी हाकणाऱ्या तांडेलाने ते पायाने ढकलले. त्याचे नाव मला कळले नाही म्हणून तो सुटला.

माझी नेमणूक झाली ती कोकम उत्पादकांच्या एका सहकारी मंडळीत. बाजारामागे कौलारू इमारत होती, तिच्या एका खोलीला प्रयोगशाळा म्हणत. आजूबाजूच्या गावांतल्या बायका मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून, मीठ घालून त्यांचा आंबट रस, आगळ, काढत आणि कळशा घेऊन मंडळीत येत. ते आगळ बाटल्यांत भरून मुंबईला जाई. पूर्वी कोणी त्यात पाणी मिसळून पाठवले होते आणि मुंबईहून बाटल्या परत आल्या होत्या. तेव्हापासून अध्यक्ष अप्पांनी ठरवले की आगळाची आंबट ताकद मोजूनच घ्यायची. जिभेवर भरवसा नको. त्यासाठी मी.

माझे काम सोपे आहे, पण नीट ऐका. आगळ दहापट पातळ करायचे आणि त्यातले पंचवीस सी.सी. फ्लास्कमध्ये घ्यायचे. त्यात किती आम्ल आहे हे कोणालाच ठाऊक नसते. माझ्यात भरायचा अल्क, ज्याची तीव्रता आधी ठाऊक असते, एक दशांश नॉर्मल. फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या द्रावाचे दोन थेंब टाकायचे आणि माझी तोटी हळूहळू सोडायची. आगळाची लाली आधी विझते, मळकट होते आणि मग एका थेंबाला गुलाबी छटा येऊन टिकते. त्या थेंबाला थांबायचे. आम्ल आणि अल्क तिथे बरोबरीत सुटतात. मी किती सी.सी. दिले ते माझ्या अंगावर वाचायचे. अल्काची तीव्रता गुणिले अल्काचे माप, भागिले आम्लाचे माप, की आम्लाची तीव्रता मिळते. समजा मी वीस दिले. एक दशांश गुणिले वीस, भागिले पंचवीस, म्हणजे शून्य पूर्णांक शून्य आठ. आगळ दहापट पातळ केलेले, म्हणून मूळचे शून्य पूर्णांक आठ. मंडळीचा नियमच तो होता. आठ दशांश किंवा वर असेल तर आगळ शुद्ध. खाली असेल तर पाणी घातलेले.

हे सगळे करायला हरिश्चंद्र नाबर नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. मुंबईहून बी.एस्सी. होऊन आलेले, वय तिशीचे, उंच, पाठ नेहमी ताठ. सुरुवातीला ते अगदी कॉलेजात शिकवतात तसे काम करत. माझ्यातल्या अल्काचा वरचा पृष्ठभाग मध्ये खोलगट असतो. त्या खोलगटाच्या तळाशी डोळा आणून, गुडघ्यात वाकून ते आकडा वाचत. मला ते आवडत असे. माणूस समोर येऊन बघतो, तेव्हा खरे बोलायला बरे वाटते.

दारात मात्र कळशा घेऊन बायकांची रांग असे. त्यांच्यात नर्मदा परब होती. धामापूरच्या वाटेवरच्या एका गावातली, बुटकी, तरतरीत, जिभेला हाड नसलेली. नवरा मुंबईत गोदीत कामाला. नाबरसाहेब माझ्यासमोर वाकलेले बघून ती शेजारणीला म्हणाली, "बघ गो जानकी, सायब नळयेक नमस्कार करतत. उद्या नारळ ठेवतले." सगळी रांग खळखळून हसली. साहेबांचे कान लाल झाले. त्या दिवसापासून ते माझ्यासमोर कधी वाकले नाहीत. ताठ उभे राहून, मान जराशी खाली घालून वरूनच वाचू लागले. त्या एका हसण्याचा भुर्दंड नर्मदेवरच पडला, आणि इतर कितीतरी बायकांवर.

वरून बघितले की काय होते, सांगते. माझे आकडे वरून खाली वाढत जातात. अल्क असतो नळीच्या मध्यभागी आणि आकडे असतात पुढच्या काचेवर. डोळा वर असला, तर अल्काची कड खऱ्या जागेपेक्षा वरच्या खुणेवर दिसते. वरची खूण म्हणजे लहान आकडा. मी वीस सांगत होते आणि नाबरसाहेब वहीत लिहीत होते एकोणीस पूर्णांक चार. ज्यांचे आगळ चांगले दाट आंबट होते, त्या त्यातूनही पार पडत. ज्या चोरून लिंबूसत्व घालत, त्यांची तर ऐटच. मारल्या जात त्या सरळ आगळ काढणाऱ्या, आठ दशांशाच्या जरा वर असलेल्या बायका.

सन १९५७च्या मे महिन्यात नर्मदेची कळशी आली. मी वीस सांगितले. साहेबांनी एकोणीस पूर्णांक चार लिहिले, गणित केले, शून्य पूर्णांक सात सात सहा. मंडळीच्या दारावर एक काळी फळी असे. तिच्यावर खडूने लिहिले गेले, "पाणी मिसळलेले आगळ", आणि खाली नर्मदेचे नाव, गावासकट.

ती थेट आत आली. "माका परत मोजून दाखवा," ती म्हणाली. "माझ्या आगळात पाण्याचो थेंबोय नाय."

नाबरसाहेबांनी परत मोजले. तसेच उभे राहून. आकडा तोच आला. मग माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "बाई, माणूस खोटं बोलतो. काच खोटं बोलत नाही."

मित्रांनो, माझी शपथ घेऊन खोटे बोलले गेले. मला तोंड असते तर मी तिथेच ओरडले असते. मला तोंड नव्हते, म्हणून मी डूख धरला.

नर्मदेच्या गावात देवीची समाराधना होते. त्या जेवणाच्या सोलकढीसाठी आगळ परबांच्या घरातून जायचे, तिच्या सासूच्या सासूपासून. त्या वर्षीही तिने कळशी पाठवली. कळशी तशीच झाकणासकट परत आली. आणणारे ती वाटेवर ठेवून निघून गेले. आठ दिवसांनी नवऱ्याचे पत्र आले: "गावातून कळले. तू असे का केलेस?" तिने ते खरेच केले का, हे त्यानेही विचारले नाही. केले हे धरूनच चालला. ती हे सगळे पुढे मला धुताना बोलत असे, म्हणून मला ठाऊक. गावाची बोलणी तिने गिळली. नवऱ्याचे पत्र मात्र तिला गिळता आले नाही.

पुढच्या वर्षी मंडळीत बाटल्या आणि काचसामान धुणारा माणूस काम सोडून मुंबईला गेला. अल्काने हात सोलवटतात म्हणून त्या कामाला कोणी तयार होईना. नर्मदा अप्पांकडे गेली आणि तिने ते मागून घेतले. नाबरसाहेब हसून म्हणाले, "येऊ दे. आता पाणी घालायला हरकत नाही." तिच्या हातात तेव्हा मी होते. बोटे अशी आवळली की वाटले, आता तुटते मी.

पण तिने मला फार जपले, हे कबूल करायला हवे. आधी पाण्याने, मग थोड्या अल्काने खळबळून घ्यायची. टोकातला बुडबुडा काढायची. अल्क भरून झाला की फनेल काढून ठेवायची, नाहीतर त्यातला थेंब मागाहून पडतो. शून्यावर कड आणायचे कामही साहेबांनी तिच्यावरच सोपवले होते, कारण त्यासाठीसुद्धा वाकावे लागते. ती चौथी शिकलेली होती. माझ्या अंगावरचे विलायती आकडे तिने भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाठ केले. आणि ती बुटकी होती. टेबलाशी उभी राहिली की तिचा डोळा आपोआप माझ्या विसाच्या आसपास येई.

मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात तिला दिसले. तिला वीस दिसत होते आणि साहेब म्हणत होते एकोणीस पूर्णांक चार. पहिल्या दिवशी तिला वाटले, आपलेच चुकले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब जेवायला घरी गेले, तेव्हा तिने एक स्टूल ओढले. आधी जमिनीवरच उभी राहून, माझ्या मागे पांढरा कागद धरून वाचले: वीस. मग स्टुलावर चढली, साहेबांच्या उंचीला डोळे आणले, पाठ त्यांच्यासारखी ताठ केली आणि वाचले: एकोणीस पूर्णांक चार. उतरली, पुन्हा वीस. चढली, पुन्हा एकोणीस पूर्णांक चार. असे पाच-सहा वेळा केले. शेवटी स्टुलावर बसून ती हसू लागली आणि मग रडू लागली.

त्याच दिवशी तिने अप्पांना सांगितले असते तर हे आत्मवृत्त इथेच संपले असते. पण अप्पांच्या खोलीत, दार लावून, हळू आवाजात झालेला न्याय तिला नको होता. तिचे नाव काळ्या फळीवर सगळ्यांसमोर लागले होते. तिला साहेब सगळ्यांसमोर वाकलेले हवे होते. मलाही. मी तिला एका शब्दाने अडवले नाही, अडवता आले असते तरी अडवले नसते.

मिरगाच्या आधी मंडळीची वार्षिक सभा असे. अंगणात मांडव घालून सभासदांना, बायकांना बोलावत आणि मोजणी कशी होते ते नाबरसाहेब सर्वांना करून दाखवत. नर्मदेने तो दिवस धरला. तिला हवे होते असे आगळ, जे खरे आहे पण साहेबांच्या नजरेत नापास होईल. आणि ते कोणाचे असावे, हेही तिने ठरवले होते.

नाबरसाहेबांच्या आईला सगळे माई म्हणत. त्या विकण्यासाठी नाही, घरापुरते आगळ काढत. नर्मदा त्यांच्या दारात गेली आणि अंगावर पित्त उठलेय म्हणाली. माईंनी बाटली भरून दिली. वर तिला बसवून चहा दिला. "ने गो बाय," त्या म्हणाल्या. "पित्ताक ह्या आगळासारखा दुसरा औषध नाय. बाटली तेवढी परत हाडून दी." नर्मदेने साहेब नसताना ते माझ्याकडून मोजून घेतले. वीस पूर्णांक एक. हवे होते तेच.

सभेला अजून अवकाश होता. मेच्या तिसऱ्या आठवड्यात जानकीची कळशी आली. तीच जानकी, रांगेतली शेजारीण, गावात एकाच आडावर पाणी भरणारी. मी वीस पूर्णांक दोन सांगितले. साहेबांनी एकोणीस पूर्णांक सहा लिहिले. फळीवर जानकीचे नाव लागले. ती नर्मदेकडे बघून म्हणाली, "तू तरी सांग गो, तू थंय आसंस." नर्मदा माझी तोटी पुसत राहिली. मीही तशीच लटकत राहिले.

सभेचा दिवस आला. मांडवात टेबल मांडले, मला स्टँडला लावले. समोर चटईवर बायका बसल्या होत्या. पहिल्या ओळीत माई. अप्पा खुर्चीवर. नर्मदेने सभासदांच्या आगळाच्या सव्वीस बाटल्यांच्या मागे एक बाटली ठेवली, क्रमांक सत्तावीस. नेमकी तीच तिने पुढे केली. नाबरसाहेबांनी तोटी सोडली. लाली विझली, मळकट झाली, गुलाबी छटा टिकली. ते ताठ उभे राहिले, मान जराशी खाली घातली आणि म्हणाले, "एकोणीस पूर्णांक पाच." फळ्यावर गणित मांडले. उत्तर आले शून्य पूर्णांक सात आठ. "नियम आठ दशांशाचा," ते खडू झटकत म्हणाले. "हे पाणी घातलेलं आगळ आहे. यात शंकेला जागा नाही."

अप्पांनी विचारले, "नर्मदे, ह्या आगळ कोणाचा?"

"नाबरसायबांच्या आवशीचा," नर्मदा म्हणाली.

मी मुद्दाम साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. वर्षभर मी त्या क्षणाची वाट पाहिली होती आणि तो मला पुरेपूर बघायचा होता. साहेबांची ऑफिसातली मराठी गळून पडली. ते आईकडे वळले आणि त्यांनी विचारले, "माई, तू तेच्यात पाणी घातलंस काय गो?"

माईंना उठायला वेळ लागला. "तीस वर्सां ह्याच आगळाची कढी जेवलंस रे," त्या म्हणाल्या. "आज तुका तेच्यात पाणी दिसला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. मित्रांनो, मला माईंचे वाईट वाटले. पण थोडेच, आणि तेही उशिरा.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसले. "ब्युरेट सदोष असावी," ते अप्पांना म्हणाले. "जुनी झाली आहे."

"काच खोटा बोलणा नाय म्हणान तुमीच सांगलास," नर्मदा म्हणाली. "सायबांनू, जरा वाकान बघा."

ते वाकले नाहीत. अप्पाच खुर्चीवरून उठले, माझ्यासमोर गुडघ्यावर बसले आणि मोठ्याने वाचले, "वीस आणि एक रेघ." मग ते उठले आणि बाजूला सरून त्यांनी साहेबांना जागा करून दिली. आता इलाज नव्हता. नाबरसाहेबांचे गुडघे हळूहळू दुमडले. त्यांचा चेहरा माझ्या समोर आला, इतका जवळ की त्यांच्या श्वासाने माझी काच धुरकटली. मी वीस पूर्णांक एक सांगितले. तेवढेच सांगितले. त्यांनी ते तीनदा वाचले. उठून फळ्यावरचे पुसले आणि नवीन गणित मांडले. एक दशांश गुणिले वीस पूर्णांक एक, भागिले पंचवीस, गुणिले दहा. शून्य पूर्णांक आठ शून्य चार. खडू दोनदा मोडला.

नर्मदेचे समाधान झाले नव्हते. तिने कपाटातून गेल्या आणि या वर्षाच्या मोजणीची वही आणली आणि साहेबांच्या हातात दिली. "फळयेर लिवलेली सगळी नावां वाचा," ती म्हणाली. "मोठ्यान." साहेबांनी वाचली. प्रत्येक नावानंतर त्यांनी म्हटले, "यांच्या आगळाची मोजणी माझ्याकडून चुकली." नर्मदा परब हे पहिले नाव. ते ऐकताना तिने डोळे मिटले होते. अकरा नावे होती. जानकीचे शेवटचे.

जानकी चटईवरून उठली आणि टेबलाशी आली. तिला साहेबांशी काही बोलायचे नव्हते. तिने नर्मदेला विचारले, "तुका कधी कळला?"

नर्मदेला खोटे बोलता आले असते. माझ्याशिवाय कोणाला ठाऊक होते? पण ती म्हणाली, "मे म्हयन्याच्या पयल्या आठवड्यात."

"आणि माझा नाव तिसऱ्या आठवड्यात लागला," जानकी म्हणाली. तिने आपली रिकामी कळशी उचलली आणि मांडवाबाहेर गेली. नर्मदा तिच्यामागे दोन पावले गेली आणि थांबली.

पुढच्या समाराधनेला नर्मदेकडून आगळ मागून नेले. नवऱ्याचेही पत्र आले, त्यात माफी होती. ते तिने मला वाचून दाखवले नाही, फक्त आले म्हणून सांगितले. नाबरसाहेब मंडळीतच राहिले आणि सातआठ वर्षांनी मंडळी बंद पडेपर्यंत प्रत्येक आकडा वाकून वाचत होते. आवराआवरीत टेबल सरकवताना त्यांच्याच हातून माझे टोक मोडले. तेव्हा मात्र कोणावर खापर न फोडता त्यांनी वहीत लिहिले, "ब्युरेट माझ्या हातून फुटली." मग मला तुमच्या शाळेला दिले. जानकीने मात्र नर्मदेशी असलेले बोलणे तोडले ते तोडलेच. दोघी त्याच आडावर पाणी भरत, पण वेगवेगळ्या वेळी.

मित्रांनो, नाबरसाहेबांचा सूड घेतल्याचे मला आजही वाईट वाटत नाही. मी माफ करणाऱ्यांतली नाही. पण जानकीच्या कळशीची ती मोजणी मला विसरता येत नाही. तिच्याबाबतीत साहेबांची नजर चुकली. माझी आणि नर्मदेची चुकली नव्हती, आम्हांला वीस पूर्णांक दोन स्पष्ट दिसत होते. म्हणून तुमच्याकडे एवढेच मागते. माझ्यासारखी एखादी तुमच्या हातात आली तर तिला धुऊन ठेवा, तिचे टोक सांभाळा, तिच्यासमोर वाकायची लाज धरू नका. आणि खरा आकडा दिसला, की तो त्याच दिवशी मोठ्याने सांगा.